खोली कोणाच्या नावावर, पोरं कोणाकडे?



१० जुलै १८८७ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी मृत्युपत्र केले, तेव्हा यशवंत तेरा वर्षांच्या आसपास होता. तो फुले दांपत्याच्या पोटचा नव्हता. एका ब्राह्मण विधवेचे ते मूल त्यांनी पदरात घेतले होते. माळ्याच्या घरात ब्राह्मणीचा मुलगा दत्तक, ही गोष्ट त्या वेळच्या हिंदू कायद्यात बसणारी नव्हती. जोतीराव काही न लिहिता गेले असते, तर भावकीने यशवंताला उंबऱ्याबाहेर काढायला फार वेळ लावला नसता. म्हणून त्यांनी कागद केला. मिळकत सावित्रीबाई आणि यशवंत यांच्याकडे जावी, मुलगा पुढे लायक निघाला नाही तर काय करावे, आणि आपला देह मिठात घालून पुरावा, हे सगळे त्यात आहे. १८९० च्या नोव्हेंबरात ते गेले. देह पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, अग्नीच द्यावा लागला. स्वतःच्या देहाबद्दलची इच्छा अशी बाजूला पडली. मुलाचे नाव मात्र कागदावर राहिले.

जोतीरावांच्या मागे सावित्रीबाई होत्या. आजचे व्याख्यान ज्या घराविषयी आहे, तिथे मागे कोणी नाही. नवरा गेलेला आहे, बाई एकटीने दोन पोरं वाढवते आहे. किंवा बायको गेलेली आहे, बाप डबा भरतो, मुलीला शाळेत सोडतो आणि धावत लोकल पकडतो. अचानक मरण काय असते, हे मुंबईतल्या आपल्या कुर्ल्याला सांगायची गरज नाही. २६ जुलै २००५ चा मिठी नदीचा पूर, २७ जून २०२२ च्या रात्री कोसळलेली नाईकनगरची इमारत, ९ डिसेंबर २०२४ ला बर्वे मार्गावर ताबा सुटलेली बेस्टची बस. आईबापांपैकी उरलेले एक माणूसही असे गेले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं कोणाच्या दारात उभी राहणार? पै-पाहुणे म्हणतील, आम्ही आहोत ना. आहेतच. अडचण अशी, की एक तर सगळेच पुढे येतात, नाही तर तेराव्यानंतर कोणीच फिरकत नाही.

कायदा इथे बराचसा गप्प आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा. तो बौद्ध, जैन, शिखांनाही लागू आहे, म्हणजे कुर्ल्यातल्या फार मोठ्या वस्तीला. त्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक दोनच, बाप आणि त्याच्यानंतर आई. तिथे यादी संपते. आजी नाही, आजोबा नाहीत, काका-मामा-मावशी-आत्या कोणी नाही. सावत्र बाप आणि सावत्र आई यांना तर त्या कलमाने नाव घेऊन वगळले आहे. आजीने जन्मापासून न्हाऊमाखू घातलेले नातवंड असले, तरी कायद्याच्या नजरेत तिला न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, तोही १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली, राणीच्या राज्यातल्या.

याच कायद्याच्या नवव्या कलमात मात्र एक ओळ आहे, जी प्रत्येक विधवा आईने एकदा तरी वाचायला हवी. आपल्या अज्ञान मुलांसाठी मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार त्या ओळीने तिला दिला आहे. मुलांचा सांभाळ, त्यांची मिळकत, किंवा दोन्ही. अशा पालकाला नैसर्गिक पालकाइतकेच हक्क मिळतात, मृत्युपत्रात घातलेल्या अटींसह. विधुर बापालाही हा अधिकार आहे. त्याच कलमात एक बारीक काटाही आहे. बापाने जिवंतपणी मृत्युपत्रात एखाद्याला, समजा आपल्या भावाला, मुलांचा पालक नेमले आणि तो बायकोच्या आधी गेला, तर ती नेमणूक निष्प्रभ होते. आई आहे ना. पण आई पुढे स्वतः कोणालाही न नेमता गेली, की ती जुनी नेमणूक पुन्हा जिवंत होते. म्हणजे विधवेने काही लिहिले नाही, तर दहा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचा कागद पोरांचे घर ठरवू शकतो. मधल्या दहा वर्षांत त्या दिराने या घराकडे वळून पाहिले की नाही, हे त्या कागदाला ठाऊक नसते.

इथवर यायला शंभर वर्षे लागली. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचे कौतुक शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. त्याची दुसरी आणि तिसरी कलमे कोणी शिकवत नाही. दुसऱ्या कलमानुसार पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपे. तिसऱ्यानुसार, मृत नवऱ्याने मृत्युपत्रात तिला किंवा दुसऱ्या कोणाला मुलांचा पालक म्हणून स्पष्ट नेमलेले नसेल, तर तिच्या पुनर्विवाहानंतर सासरच्या मंडळींना मुलांसाठी दुसरा पालक मागायला कोर्टात जाता येई. आईचे आईपण टिकायचे ते नवऱ्याच्या कागदाच्या भरवशावर.

मुंबईच्या जयंतीबाईंना याची झळ ठाऊक होती. नवरा जनार्दन पांडुरंग गेला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या आणि मुलगी रखमा अडीच वर्षांची. सहा वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. सुतार जातीत विधवेच्या लग्नाला आडकाठी नव्हती. नवऱ्याकडून आलेली मिळकत त्यांनी लेकीच्या नावावर केली. विधवा आईने लहान मुलीसाठी केलेली ही तजवीज शहाणपणाची होती, आणि तरीही तिने मुलीचे सगळे रक्षण केले असे म्हणता येत नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईचे लग्न दादाजी भिकाजीशी लावले गेले. ती नांदायला येत नाही म्हणून १८८४ मध्ये त्याने दावा लावला, आणि त्या गाजलेल्या वादात ही मिळकत सारखी डोके वर काढत राहिली. नवरा म्हणे, मिळकतीसाठी माहेरचे तिला अडवतात. माहेरचे म्हणत, मिळकतीसाठीच त्याला बायको हवी आहे. मिळकत मुलीच्या नावावर होती, पण मुलीच्या वतीने बोलणारा, तिच्या लग्नाला नाही म्हणू शकणारा माणूस कागदावर कुठेच नव्हता. रखमाबाई स्वतःच्या हिमतीवर त्यातून सुटल्या आणि डॉक्टर झाल्या, ही गोष्ट वेगळी.

दीडशे वर्षांनंतरचा एक खटला गुजरातचा, पण कोणत्याही मराठी घरात घडेल असा. २०२१ च्या मे-जूनमध्ये करोनाने पाच-सहा वर्षांच्या एका मुलाचे आईबाप पाठोपाठ नेले. अहमदाबादचे आजी-आजोबा म्हणाले, मुलाच्या मुलाला आम्ही सांभाळतो. दाहोदची मावशी म्हणाली, मी सांभाळते. उच्च न्यायालयाने मावशीला कौल दिला, कारण ती तरुण होती, तिचे कुटुंब मोठे होते, आजी-आजोबा थकलेले. ९ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि नातू आजी-आजोबांकडे दिला. वय, मिळकत किंवा मोठे कुटुंब एवढ्यावर निर्णय करता येत नाही, असे म्हटले. दोन्ही बाजूंचे प्रेम खरे होते, हेच या खटल्याचे दुखणे. मधल्या वर्षभरात ते पोर तारखांच्या हिशेबात वाढले. मृत्युपत्रात नाव असते, तरी न्यायालयाला ते झुगारता आले असते, कारण मुलाचे हित सर्वांत वर, हे १९५६ च्या कायद्याचे तेरावे कलम सांगते. पण गेलेल्या आईबापांचे मत कागदावर असले, की न्यायाधीशासमोर निदान एक साक्ष जास्त असते.

आता खोलीकडे. कुर्ल्यात वारसाची भांडणे बहुतेक खोलीवरून होतात, आणि कुर्ला म्हणजे स्टेशनच्या दोन बाजू एवढेच नव्हे. उपनगर जिल्ह्याचा हा एक तालुका आहे. घाटकोपर, मुलुंड, चेंबूर या सगळ्यांच्या दस्तांवर तालुका कुर्ला लिहिलेले असते आणि नोंदणीच्या शिक्क्यात ‘करल’ ही अक्षरे. तर समजा, नेहरूनगरच्या वसाहतीत एका विधुराचा फ्लॅट आहे, मुले दोन, आई हयात. मृत्युपत्र न करता तो गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने फ्लॅटचे तीन सारखे हिस्से पडतात, दोन मुलांचे आणि एक त्याच्या आईचा. त्याच्या वडिलांना काही नाही. तोच फ्लॅट विधवा बाईचा असेल, तर सगळा मुलांचा. वाचायला बरे वाटते. पण अज्ञान मुलाच्या नावावर स्थावर मिळकत आली, की ती एका अर्थाने कुलूपबंद होते. नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती विकता वा गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही. मुलांच्या रक्षणासाठी हे बंधन हवेच. पण इमारत पुनर्विकासाला निघाली, बिल्डरचा करार सहीसाठी आला, किंवा मुलीच्या शिक्षणासाठी मोठी जागा विकून लहान घ्यायची वेळ आली, की तीच कडी आतून अडकते. म्हणून समंजस मृत्युपत्र मिळकत सरळ पोरांच्या हातात टाकत नाही. ते एक्झिक्युटर नेमते, मुलांच्या हितासाठी विकण्याचा, करार करण्याचा अधिकार त्याला स्पष्ट शब्दांत देते, आणि हवे तर मुले पंचवीस वर्षांची होईपर्यंत सगळे एका ट्रस्टकडे ठेवते. अठराव्या वाढदिवशी एकरकमी पैसा हातात पडलेली पोरे कशी वागतात, हे ज्याला पाहायचे आहे त्याला कुर्ल्यात फार हिंडावे लागणार नाही.

गावच्या जमिनीचेही तसेच. सातबारावर पोरांच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता, असे लिहून पालकाचे नाव येते, आणि पोर मोठे झाल्यावर ते कमी करायला तलाठ्याकडे जायचे कोणाला सुचत नाही.

पागडीच्या चाळी हा वेगळाच मामला. भाडेकरूला खोलीचे मृत्युपत्र करता येते, असा पुष्कळांचा समज असतो. येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात ते स्पष्ट केले. भाडेकरूचा हक्क इच्छेने नव्हे, भाडे नियंत्रण कायद्याच्या वाटेने जातो, आणि १९९९ च्या कायद्यात ती वाट आधी मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे वळते. पोरं शिकायला म्हणून गावी आजीकडे आणि खोलीत सोबतीला पुतण्या, अशी घरे इथे थोडी नाहीत. मृत्युपत्रात त्या पुतण्याविषयी काहीही लिहिले, तरी भांडण तिथे सुटत नाही. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, आधारचा पत्ता यांची किंमत अशा वेळी कळते.

सगळ्यांत पसरलेला गैरसमज नॉमिनीचा. सोसायटीत, बँकेत, म्युच्युअल फंडात भावाचे नाव नॉमिनी म्हणून टाकले, की काम झाले असे माणसे धरून चालतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ज्यांचे ‘कालनिर्णय’ टांगलेले असते, त्या जयंत साळगावकरांच्याच घरातून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ च्या जूनमध्ये त्यांनी मृत्युपत्र केले होते, २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. काही गुंतवणुकींवर नॉमिनी नेमलेले होते. नॉमिनी मालक की नुसता सांभाळणारा, हा वाद १४ डिसेंबर २०२३ ला संपला. नॉमिनी पैसे घेतो, मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. सोसायटीच्या फ्लॅटबाबत महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ पासून हेच आले आहे, नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. विम्यात मात्र उलटे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईबाप, नवरा-बायको किंवा मुले नॉमिनी असतील, तर विम्याची रक्कम त्यांचीच होते. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी नेमता येतात. आणि पीएफचे विसरूच नये. नवरा गेल्यावर बाईच्या पीएफच्या अर्जात त्याचेच जुने नाव वर्षानुवर्षे पडून राहते. तिच्या मागे अनाथ मुलांना कर्मचारी पेन्शन योजनेत विधवा पेन्शनच्या पंचाहत्तर टक्के मिळतात, एका वेळी दोन मुलांना. ही रक्कम मोठी नसते, पण ती मिळवायला पालकाचे नाव फॉर्मवर असावे लागते.

पालक आणि पैसा एकाच हाती द्यावा का? या व्याख्यानाचा आग्रह असा, की शक्यतो देऊ नये. जी मावशी पोरांना मायेने वाढवेल, तिला म्युच्युअल फंडातले कळेलच असे नाही, आणि जो मामा पैशाचा चोख आहे त्याच्या घरात रात्री ताप आलेल्या पोराजवळ बसायला कोणी असेलच असेही नाही. मावशीकडे मुले, मामाकडे हिशेब, आणि मावशीने महिन्याला किती मागावे हे मृत्युपत्रात लिहिलेले. दोघांपैकी एक आधी गेला तर पुढचे नाव कोणाचे, तेही. आणि नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारावे. विचारायला संकोच वाटतो म्हणून न विचारता नाव घालणारे पुष्कळ.

ज्याचे नाव घालायचे त्याच्यावर काय ओढवू शकते, याचा दाखला महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. ७ ऑगस्ट १८९७ ला कोल्हापूरचे सरदार बाबा महाराज पुण्यात कॉलऱ्याने गेले. मरणाच्या दारात त्यांनी मृत्युपत्र केले आणि लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना व्यवस्था पाहायला नेमले. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात अटक होऊन तीनच दिवसांपूर्वी जामिनावर सुटले होते. मित्राला नाही कसे म्हणायचे? बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर. मुलगा झाला तो दोन महिन्यांतच गेला, आणि मग दत्तकाचा वाद पेटला. टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, १९०३ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली गेली, वरच्या न्यायालयात ती सहा महिन्यांवर आली, १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रिव्ही कौन्सिलचा शेवटचा निकाल १९१५ चा. एका संध्याकाळच्या शब्दापायी अठरा वर्षे. त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या त्या विधवेचे मत मृत्युपत्र करताना कोणी विचारले होते का, हा प्रश्न टिळकांच्या चरित्रकारांनी फारसा मनावर घेतलेला नाही.

कुर्ल्याच्या मुसलमान घरांना वेगळी रीत लागू आहे. मृत्युपत्राने देता येते ती एकतृतीयांश मिळकत. वारसाला द्यायची असेल तर इतर वारसांची संमती लागते. मुलांच्या मिळकतीचा पालक बाप, मग त्याने मृत्युपत्राने नेमलेला माणूस, मग आजोबा. आई आपोआप त्यात नाही. बापाने तिला नेमले तर मात्र ती असू शकते, आणि हे वाक्य जिवंतपणी लिहिणे हे तरुण बापाच्या हातात आहे. दुसरी गोष्ट आजोबांची. मुलगा आधी गेला आणि आजोबांना दुसरे मुलगे असतील, तर गेलेल्या मुलाची पोरे आजोबांच्या वारसातून बाहेर पडतात. आजोबांनी आपल्या एकतृतीयांशात त्या नातवंडांना बसवले, तर विधवा सुनेचे घर उभे राहते. होली क्रॉस चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा पूर्णपणे लागतो. त्याच्या साठाव्या कलमात पालक नेमण्याचा अधिकार ‘बापाला’ आहे, आईचे नाव नाही. शंभर वर्षे झाली, कोणी ते बदललेले नाही. ख्रिस्ती विधवेने नाव लिहून ठेवावेच, न्यायालय ते पाहील. पण हक्क म्हणून नव्हे, हे लाजिरवाणे आहे.

कागद करायला लागते फार थोडे. मुद्रांक नको, नोटरीचा शिक्काही बंधनकारक नाही. साधा कागद, सही, आणि सही पाहिलेले दोन साक्षीदार, ज्यांनी स्वतःही सह्या केलेल्या. त्यांना मजकूर माहीत असण्याची गरज नाही. मात्र ते आपल्याहून तरुण असावेत आणि त्यांना काही द्यायचे नसावे. ख्रिस्ती आणि पारशी यांच्या बाबतीत तर साक्षीदाराला दिलेले दान कायद्यानेच रद्द होते. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. दुय्यम निबंधकासमोर सही झालेल्या कागदावर नंतर बोट ठेवणे जड जाते. मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे, ती कोणी वापरत नाही. प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचे, तेवढे वकिलाला विचारून घ्यावे.

पोरांना सांगावे का? बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सांगावे. १८९० च्या कायद्यातही, मूल समजण्याजोगे असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकते. घराने न्यायालयापेक्षा मागे राहायचे कारण नाही.

शेवटी पुनर्विवाह. एकट्या आईने किंवा बापाने पुन्हा लग्न केले, की नवा जोडीदार वारस होतो, पण आधीच्या मुलांचा पालक होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी यांचे जुने मृत्युपत्र लग्नाबरोबर रद्द होते; हिंदूंचे तसेच राहते, जुन्या घरातल्या जुन्या नावांसह. म्हणून नवे करावे, आणि त्यात तारीख घालून आधीचे सगळे रद्द केल्याचे पहिल्याच ओळीत लिहावे. नाही तर कपाटातून दोन कागद निघतात, दोन्हींत पालक वेगळा, आणि कोणता खरा हे ठरवायला मुलांच्या दोन्ही मावशा वेगवेगळे वकील घेऊन उभ्या राहतात.